पाच नंबरचं बटण

डोक्यावरचा कामाचा भार मोजायला कोणीतरी येणार आहे असं साहेबांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "वजनकाटा आणणार, की आपण द्यायचा?" साहेब हसले नाहीत. साहेब हसले नाहीत की समजायचं, मामला गंभीर आहे.

मामला असा. विमानतळाच्या रडाररूममध्ये आमचं एक टेबल आहे. उतरायला येणाऱ्या विमानांना चहूबाजूंनी गोळा करायचं, एका रांगेत लावायचं आणि एकेक करून धावपट्टीच्या तोंडाशी नेऊन सोडायचं, हे त्या टेबलाचं काम. टेबलाला दोन खुर्च्या. एकीत रडारवाली बसते, हेडसेट लावून थेट विमानांशी बोलते. शेजारच्या खुर्चीत फोनवाली. टॉवरशी, हवामानवाल्यांशी, पलीकडच्या हद्दीतल्या कंट्रोलरांशी बोलणं तिच्याकडे. साहेबांच्या मनात होतं की ही शेजारची खुर्ची काढायची. माणसं कमी होती, सकाळच्या पाळीत दुसऱ्या एका टेबलावर रोज ओढाताण व्हायची. त्यांचंही काही खोटं नव्हतं, पण म्हणून आमच्याच खुर्चीवर डोळा ठेवायचा? तर ठरलं असं की बाहेरून एक तज्ज्ञ बाई येतील, रडारवालीच्या डोक्यावर किती भार पडतो ते मोजतील, आणि भार हलका निघाला तर खुर्ची जाईल.

शेजारच्या खुर्चीत मी बसत होते. नोकरी जाणार नव्हती, दुसऱ्या टेबलावर बदली झाली असती इतकंच. पण आठवड्यातले काही दिवस मीही रडारवर बसते. भर दुपारच्या गर्दीत शेजारी कोणी नाही, फोन वाजतोय आणि कानात विमानं बोलतायत, हे नुसतं मनात आलं तरी मी देवाचं नाव घ्यायचे. माझ्याकडून ते झालं नसतं. मी सरळ सांगते, लाज कसली त्यात?

आणि मोजायचं कोणाला, तर आमच्या थोरल्या जाऊबाईंना.

हो, जाऊबाई. खऱ्याखुऱ्या. मी नोकरीला लागले तेव्हा त्या माझ्या सीनियर होत्या. कामावर त्यांनी मला चांगलं पारखून घेतलं आणि मग एके दिवशी चहा पिता पिता म्हणाल्या, "आमच्या धाकट्या दिरांचं लग्न करायचंय. तू बघतेस का?" मला वाटलं, बघायला जायचं म्हणजे मुलगी बघायला. मी म्हटलं, "बघते की, कोण आहे?" तर ती मुलगी मीच होते. तेव्हापासून आम्ही एकाच घरात आहोत. त्या वर, आम्ही खाली, आणि सासूबाई ज्या मजल्यावर त्या दिवशी भाजी चांगली असेल त्या मजल्यावर.

जाऊबाईंचा घरात आणि कामावर एकच मंत्र. "मला जमतं." लोखंडी कपाट सरकवायचं आहे, "मला जमतं." अंगात ताप आहे, तरी पाहुण्यांचा स्वयंपाक, "मला जमतं." मदतीला हात पुढे केला की त्या अशा बघतात, जणू आपण त्यांच्या पर्समध्ये हात घातला. एरवी मी त्यांच्यावर दिवसातून दहादा चिडते. पण हेडसेट लावला की ती बाई वेगळी. कितीही गर्दी होवो, आवाज तोच. जेवताना "जरा मीठ दे गं" म्हणतात, त्याच आवाजात विमानाला खाली यायला सांगतात. वैमानिक नवखा असेल, घाबरलेला असेल, तर त्यांच्या दोन वाक्यांत त्याचा आवाज खाली येतो. मी हे शेकडो वेळा ऐकलंय आणि अजून माझ्या अंगावर काटा येतो.

मोजणीबाई आल्या त्या हातात एक पिशवी घेऊन. हे नाव आम्ही सगळ्यांनी त्यांना आधीच ठेवलं होतं, तोंडावर मात्र मॅडम. मला वाटलं होतं, चुरूचुरू बोलणारी, नाक वर करून फिरणारी कोणी असेल. ही तर बुटकीशी, चष्मेवाली, आणि रडाररूमच्या दाराशी तिने चपला काढून हातात घेतल्या. "वाजतात," म्हणाली. एवढ्या वर्षांत साहेबांना जे सुचलं नाही ते हिला पहिल्या दिवशी सुचलं. माझा निम्मा राग तिथेच उतरला. निम्मा मी राखून ठेवला.

तिने जाऊबाईंच्या उजव्या हाताशी एक छोटी डबी ठेवली. डबीवर एक लाल दिवा आणि ओळीने पाच बटणं. थोड्या थोड्या वेळाने दिवा लागणार. लागला की त्या घडीला डोक्यावर किती भार आहे तो आकडा दाबायचा. एक म्हणजे अगदी निवांत, पाच म्हणजे आता आणखी एकही नको. शिवाय पाळी संपली की एक कागद. त्यात घाई किती झाली, कष्ट किती पडले, चिडचिड किती झाली, असं सगळं रेघेवर खूण करून सांगायचं. मी म्हटलं, "चिडचिडीची रेघ मला जरा लांब आखून द्या." मोजणीबाई खळखळून हसली. उरलेल्या निम्म्यातला निम्मा राग तेव्हा गेला.

त्या संध्याकाळी जिन्यात मी जाऊबाईंना गाठलं. "ताई, बटणं जरा सढळ हाताने दाबा हं."

"म्हणजे?"

"म्हणजे तीनच्या जागी चार. खुर्ची वाचेल."

त्या एक पायरी वर होत्या, तिथून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी विमानाला तीन हजार फूट सांगायचे तिथे चार सांगते का कधी?"

"अहो, हे काय विमान आहे?"

"विचारलंय तेवढंच सांगायचं," म्हणाल्या आणि वर गेल्या. मी खाली हात चोळत उभी राहिले. माझ्या सासूबाई दारातून ऐकत होत्याच. त्यांना त्या आकड्यांची फार गंमत वाटली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुरू केलं, "आज गुडघा तीन आहे गं. तेल गरम कर."

आता खरी गंमत ऐका. दुपारी विमानांची झुंबड उडाली. स्क्रीनवर जिकडे बघावं तिकडे ठिपके. मी फोनवर बोलता बोलता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते तर डबीवरचा दिवा लागला आणि जाऊबाईंनी दाबलं, दोन. दोन! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या गर्दीत दोन म्हणणाऱ्या बाईला शेजारी माणूस कशाला हवा, असं कोणीही म्हणेल. आणि मग, विमानं मोजून दोन असताना, स्क्रीन अगदी मोकळी असताना, त्यांनी दाबलं पाच. मला वाटलं, यांचा नवा चष्मा जवळचं धड दाखवत नाही. घरीही मीठ समजून साखर घातली होती एकदा.

हे रोज चाललं. गर्दीत दोन, कधी तीन. मोकळ्यात मधूनच पाच.

काही दिवसांनी साहेबांच्या खोलीत बैठक झाली. मोजणीबाईने आलेख दाखवला. सरासरी दोनच्या आसपास. साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे भार हलका आहे तर."

"हे पाच कुठून आले ते मला कळत नाहीये," मोजणीबाई म्हणाली.

"हात चुकला असेल," साहेब म्हणाले.

"माझा हात चुकत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"अहो, पण तेव्हा तुमच्याकडे विमानं होती दोन!"

"होती."

"मग भार कसला?"

जाऊबाईंनी चष्मा पुसला. मी मनात म्हटलं, बोला, काहीतरी बोला. "ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण होता. होता म्हणून दाबलं."

झालं. आम्ही साहेबांच्या हातात आयतं कोलीत दिलं. साहेबांनी कॅलेंडरकडे बघितलं. पुढच्या महिन्यापासून एकाच खुर्चीवर काम, असं त्यांच्या तोंडावर आलंच होतं, तेवढ्यात मोजणीबाई म्हणाली, "मला थोडे दिवस आणखी द्या. ज्या बाईचा हात चुकत नाही, तिचे पाच मी असे टाकून देणार नाही." हे वाक्य ऐकलं आणि माझा उरलासुरला रागही संपला. त्या सगळ्या खोलीत जाऊबाईंवर पूर्ण विश्वास ठेवणारी ती एकटीच होती. मी सख्खी जाऊ असून चष्म्याला दोष देत होते.

त्यानंतरची एक दुपार. पश्चिमेला ढग जमत होते, पण दूर. स्क्रीनवर विमानं दोन, दोन्ही शहाण्यासारखी आपल्या वाटेने येणारी. मी पाण्याची बाटली उघडत होते. दिवा लागला, जाऊबाईंनी पाच दाबलं, आणि त्यांची बोटं टेबलावर स्थिर झाली. मग स्क्रीनवरची नजर न हलवता, हलक्या आवाजात, "विचार गं पलीकडे, मागच्या तिघांना ते किती अंतराने पाठवतायत. जास्त ठेवा म्हणावं." मी फोन उचलला. तो ठेवते न ठेवते, "हवामानवाल्यांना विचार, ढग कुठल्या बाजूला सरकतोय." तो झाला की, "टॉवरला सांग, मध्ये एक मोठी फट देईन, तेवढ्यात त्यांची निघणारी विमानं काढून घ्या म्हणावं." मी फोनवर फोन करत सुटले. मला तर त्या वेळी विमानं दोनच दिसत होती!

मग ढग आला आणि विमानंही आली. एक वळसा मागतंय, एकाला ढगातून जायचं नाहीये, एकाकडे इंधन बेताचं. आणि मी बघत होते, तर प्रत्येकासाठी जागा आधीच तयार होती. ताटं मांडून ठेवल्यासारखी. जाऊबाई बोलत होत्या त्याच मिठाच्या आवाजात, एकेक विमान रांगेत येऊन बसत होतं आणि उतरत होतं. टॉवरची निघणारी विमानंही त्या फटीतून निघून गेली. दिवा लागला, त्यांनी दाबलं, दोन. आणि खरंच दोनच होतं! त्या क्षणी मला इतका अभिमान वाटला की उठून मिठी मारावी. पण फोन वाजला.

मागे वळले तर मोजणीबाई स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होती. जाऊबाईंकडे नाही, माझ्याकडे.

"तुमच्या फोनचं रेकॉर्डिंग मिळेल का मला?" तिने विचारलं. फोनवर मी काय काय बोलते ते माझं मला माहीत.

पण तिला माझ्या शिव्या नको होत्या. तिने जाऊबाईंच्या बटणांची एक रेघ काढली, खाली माझ्या फोनची रेघ, आणि दोन्ही एकावर एक ठेवून मला बोलावलं. "हे बघा. ताईंनी पाच दाबलं की लगेच तुमचे फोन सुरू होतात. दर वेळी. तुमचे फोन संपले की त्यांचा आकडा उतरतो. मी वेडी स्क्रीनवरची विमानं मोजत बसले. त्या मोजत होत्या ती विमानं अजून स्क्रीनवर यायची होती."

"म्हणजे पाच खरे?"

"सगळे खरे. त्यांच्या डोक्यावर भार पडतो तो येणाऱ्याचा विचार करताना. विमानं आली की नुसतं बोलायचं उरतं. आणि पाचचे दोन होतात ते तुमच्यामुळे."

मी त्या रेघांवरून बोट फिरवून बघितलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, विमानं त्या उतरवतात आणि मी आपली शेजारी बसून फोन उचलते.

साहेबांना रेघा दाखवल्या. साहेब माणूस वाईट नाही, त्यांनी नीट बघितलं. पण म्हणाले, "फोन त्या स्वतःही करू शकतील. एकदा एकटीने करून बघू या. ट्रेनिंगच्या खोलीत, खोट्या विमानांवर. जमलं तर जमलं."

जाऊबाई म्हणाल्या, "बसते की. मला जमतं."

आणि इथे माझं धाबं दणाणलं. कारण त्यांना खरंच जमलं असतं! ती बाई हट्टाला पेटली तर दात-ओठ खाऊन जमवेल, साहेब टाळ्या वाजवतील आणि खुर्ची जाईल. मग दुसऱ्या दिवशी तिथे मी एकटी बसणार. मी घरी जाऊन सासूबाईंना म्हटलं, "आई, तुमच्या थोरल्या सुनेला उद्या जरा कमी जमू दे." सासूबाई म्हणाल्या, "तिला सांगणार कोण?"

ट्रेनिंगची खोली म्हणजे आमच्या टेबलाची हुबेहूब नक्कल. शेजारची खुर्चीही होती, रिकामी. मला मागे भिंतीशी उभं केलं आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली. ही शिक्षा मला शाळेतही कधी पेलली नव्हती. माझ्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मोजणीबाई, अनवाणी. पलीकडच्या खोलीतून दोन प्रशिक्षक खोट्या वैमानिकांचे आणि फोनवरच्या लोकांचे आवाज काढणार होते.

सुरुवात शांत झाली. स्क्रीन मोकळी. दिवा लागला, जाऊबाईंनी पाच दाबलं आणि स्वतः फोन उचलला. त्या फोनवर असताना एका विमानाने हाक मारली. त्यांनी त्याला थांबायला सांगितलं. फोन ठेवला, विमानाला उत्तर दिलं, पुन्हा फोन. तेवढ्यात दुसऱ्या विमानाची हाक. दिवा लागला, पाच. विमानं वाढत गेली. पुन्हा पाच. आवाज मात्र तोच, मिठाचा. बाहेरच्याला वाटलं असतं, बाई निवांत आहे. मला त्यांची मान दिसत होती, मानेवरची शीर दिसत होती. माझे हात शिवशिवत होते.

ढग आला. तीन विमानं एकाच वेळी वाट मागायला लागली. जाऊबाईंनी नजर स्क्रीनवरून न हलवता डावा हात जरासा बाजूला केला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "विचार गं त्यांना, मागच्यांना धरून ठेवतील का."

आणि त्या उत्तराची वाट बघत राहिल्या.

डबीवरचा लाल दिवा लागला होता. बटण कोणी दाबलं नाही. फोन तसाच पडून होता. त्या रिकाम्या खुर्चीकडे हात करून जाऊबाई थांबल्या होत्या, आणि माझ्या तोंडून "विचारते" बाहेर पडणार इतक्यात मोजणीबाईने माझं मनगट घट्ट धरलं.

मग जाऊबाईंनी मान वळवली आणि खुर्चीकडे बघितलं. एक क्षणच. पुन्हा स्क्रीनकडे. दिवा विझून गेला.

पुढचं त्यांनी ओढून नेलं. दोन विमानांना आकाशात घिरट्या घालायला लावल्या, एरवी ही वेळ त्या येऊच देत नाहीत. पण एकही विमान दुसऱ्याच्या जवळ गेलं नाही, एकालाही चुकीचं सांगितलं गेलं नाही, सगळी उतरली. ते बघून मला रडू यायला लागलं. इतकं ओझं घेऊन कोणी इतकं नीट चालू शकतं?

त्यांनी हेडसेट काढला. केस कानामागे घामाने चिकटले होते. साहेबांनी खरंच टाळी वाजवली. "वा! सगळी उतरवलीत की! आणि एकटीने!"

मी डोळे मिटले. संपलं, मनात म्हटलं.

"साहेब," जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. आवाज पहिल्यांदाच मिठाचा नव्हता. "मला एकटीला जमत नाही."

साहेबांची टाळी हातातच राहिली. "अहो, आत्ता जमवलंत ना."

"आज जमवलं. उद्याही जमवेन. एक दिवस तो फोन वाजत राहील आणि मी उचलणार नाही. त्या दिवशी विमानात खरी माणसं असतील." त्यांनी माझ्याकडे बोट केलं, रागावल्यासारखं. "मला ही शेजारी हवी."

जे ‘जमत नाही’ घरी तापातसुद्धा त्यांनी कोणाला ऐकवलं नव्हतं, ते त्या साहेबांसमोर, प्रशिक्षकांसमोर, सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी भिंतीला टेकून हमसाहमशी रडले. साहेबांनी खिशातून रुमाल काढून मला दिला आणि ती विझलेली डबी उचलून बघितली. मोजणीबाईने वहीत काही लिहिलं नाही. "ज्या दिव्याला बटणच दाबलं गेलं नाही," ती हळूच म्हणाली, "तो मी सहा धरणार आहे. साहेब, चालेल ना?"

साहेब म्हणाले, "खुर्ची राहू द्या."

घरी जाताना आम्ही दोघींनी भाजी घेतली. सासूबाई वाट बघत होत्या. "आज किती गं?" त्यांनी थोरलीला विचारलं.

"पाच होते, आई," जाऊबाई म्हणाल्या आणि हातातली भाजीची पिशवी माझ्याकडे दिली. धर म्हणून, न विचारता. "आता दोन."

मोजणीबाई डबी घेऊन गेली. जाताना दारात तिने चपला पायात घातल्या आणि जाऊबाईंना वाकून नमस्कार केला, जाऊबाई लाजून लालबुंद झाल्या. मी तिला म्हटलं, पुन्हा या, तुमच्यावर चिडायला मजा येते.

परवाची दुपार. स्क्रीन मोकळी होती, विमान एकच, तेही दूर. मी बाटली उघडली. जाऊबाईंची बोटं टेबलावर स्थिर झाली. डबी नव्हती, दिवा नव्हता, बटणं नव्हती.

"पाच," त्या हलकेच म्हणाल्या.

मी बाटली खाली ठेवली आणि फोन उचलला.